पवळीला बादशाकडे नेलं तो मंगळवार

थांब गौतमी, तू आता काही बोलू नकोस, नुसतं ऐक. हसायचं तर सगळं झाल्यावर हस. मधेच हसलीस की माझं पुढचं विसरतं.

तर मी पवळीचा कासरा धरून बांधावर उभी आहे. पवळी म्हणजे आमची गाय. खिलार, पांढरीफेक, आईनं माहेरावरनं कालवड असताना आणलेली. सकाळचे अकरा वाजलेत, जानेवारी संपत आलाय, मी बारावीला, आणि कॉलेजला दांडी. बांधाच्या अलीकडं आमचं दीड एकर, पलीकडं तातोबा काकांचं दीड एकर. काका म्हणजे आप्पांचे, माझ्या वडलांचे, सख्खे चुलतभाऊ. आणि पवळी सकाळी सहापासून अशी हंबरतेय की पार फाट्यावरच्या चहावाल्यानं आईला फोन करून विचारलं, काय झालं म्हणून.

काय झालं म्हणजे काय, माजावर आलती. आता तुला शहरातल्या बाईला सांगायला पाहिजे. गाय माजावर आली की त्याच दिवशी तिला वळू दाखवायचा नाहीतर डॉक्टरकडून सुई द्यायची. दिवस गेला की गेला, परत एकवीस दिवसांनी. पवळीला तीनदा सुई दिलेली आणि तीनदा उलटली, म्हणजे राहिलीच नाही. दोन वर्षं भाकड. घरात दुधाची पिशवी विकत आणायची, गाय दारात असून. आप्पांनी शेवटी हेड्याला शब्द दिला होता, हेडी म्हणजे गुरांचा दलाल. शुक्रवारच्या बाजाराला घेऊन जा म्हणाले. आईनं रडून-रडून एवढंच पदरात पाडून घेतलेलं की त्याच्या आत फळली तर ठेवायची.

आणि त्या मंगळवारी आप्पा लग्नाच्या वऱ्हाडात गेलते मिरजेला. संध्याकाळी येणार.

डॉक्टर तर म्हणालेच होते, "सुईनं नाही राहत हिला, वहिनी. वळू दाखवा एकदा." वळू आमच्या वस्तीवर एकच. तातोबा काकांचा बादशा.

आणि तातोबा काकांच्यात आणि आमच्यात नऊ वर्षं अबोला.

कशावरनं? बांधावरच्या चिंचेच्या फांदीवरनं. ती कुणी तोडली ते आजपण ठरलेलं नाही. चिंच पुढं वाळून गेली, अबोला हिरवागार. म्हणजे अबोला किती, तर त्यांच्या घराच्या दिशेनं बघायचंसुद्धा नाही. आमचा गोठा आप्पांनी तोंड फिरवून बांधला. तीन वर्षं बादशा तिथं होता, चार गावचे लोक गाया घेऊन यायचे, आणि आम्ही त्याचं शेपूटपण नीट बघितलेलं नाही. नुसती डरकाळी ऐकायची.

"तू जा," आई म्हणाली.

"मी?"

"चिंचेचं झालं तवा तू आठ वर्षांची. तुझं नाव नाही त्यात. तू बांध वलांडू शकतीस."

"आणि काय बोलू?"

"बोलायचं नाही. अबोला हाय."

"मग त्यांना कळणार कसं?"

आईनं पवळीकडं बघितलं. पवळीनं एवढ्या जोरात हंबरडा फोडला की आईला पुढं काही बोलावंच लागलं नाही.

तर मी गेले. आई बांधावर बसली, आमच्याकडं तोंड करून, म्हणजे काकांकडं पाठ. पदर डोक्यावर. असं दाखवत होती की ती गवत काढतेय. बांधावर गवत नव्हतं.

काका अंगणात खाटेवर बसून दोर वळत होते. मला बघितलं, गाय बघितली, उठले. घरात गेले, टोपी घालून आले. दारात माजावर आलेली गाय परत पाठवायची नाही हे त्यांचं ठरलेलं होतं, कुणाची का असेना. पैसेपण घेत नसत. वळूसाठी पाटीभर भरडा आणायचा, बास. तो मी डोक्यावरनं नेला होता.

काका येऊन पवळीच्या पुढं उभे राहिले. माझ्याकडं बघितलंच नाही. गाईला म्हणाले, "पवळे, माज कवा दिसला?"

मला काय करावं कळेना. तेवढ्यात बांधावरनं आईचा आवाज, तिकडं तोंड करूनच, "पवळे, सांग की, सकाळी सहाला."

"पवळे, मग दुपारपतुर चालतंय म्हणावं. घाई नाही."

"पवळे, घाई हाय म्हणावं. संध्याकाळी घरचं माणूस येतंय."

काका गाईला म्हणाले, "घरच्या माणसाला ठाऊक न्हाई व्हय, पवळे?"

तिकडं बांधावर आई एकदम जोरजोरात गवत काढायला लागली.

"बरं बरं," काका म्हणाले, "गाय काय बोलती व्हय कुणाला."

हसू नकोस गं. मला त्या वेळी अजिबात हसू आलं नव्हतं. सतरा वर्षांची मी, आपली गाय घेऊन वळूकडं आलेली, एकटी, जिथं एरवी बाप्ये लोक येतात. मी नुसती जमिनीकडं बघत होते.

काकांनी पवळीला खोड्यात घेतलं. खोडा म्हणजे चार खांब आणि आडवी लाकडं, आत गाय उभी केली की मागंपुढं सरकत नाही. मला म्हणाले, म्हणजे पवळीला म्हणाले, "पवळे, पोरीला म्हणावं, कासरा घट धर आन् बाजूला उभी ऱ्हा."

मग घराच्या मागनं बादशा आला. गौतमी, काय जनावर होतं. वशिंड हे एवढं, शिंगं अशी मागं जाऊन वर वळलेली, आणि चालायला असं निवांत, जसं काय सगळी वस्ती त्याची. नाकातल्या वेसणीला काकांचा हात, पण काकाच त्याच्या मागनं चाललेत असं वाटत होतं. काकांना राहवेना. अबोला असला म्हणून काय झालं, वळूची तारीफ करायला कुणी पाहुणा तर पाहिजे. तर पवळीला सांगायला लागले.

"पवळे, नीट बघून घे. सांगोल्याकडचं मूळ खानदान हाय. असा वळू आता मिळत न्हाई. त्यो डावा कान बघितलास का? दोन चिरा हाईत कानाला. जन्मजात. त्या खानदानातल्या वळूला असत्यातच, बाकी कुणाला नसत्यात. चार गावांतनं लोकं कान बघून जात्यात."

मी कानाकडं बघितलं, कारण वर बघायला तेवढंच निमित्त मिळालं.

दोन चिरा होत्या. एक मोठी, एक बारकी.

मला काही वाटलं नाही. खरंच. बादशा पवळीजवळ आला, वास घेतला, मान वर करून ओठ उलटा केला, करतात तसं. काका म्हणाले, "हां." मी डोळे मिटणार, तेवढ्यात बादशा पवळीला सोडून माझ्याकडं वळला.

"ए!" काकांनी वेसण ओढली. "पोरी, हलू नगं. त्यो कधी कुणाच्या अंगावर येत न्हाई."

घाबरून त्यांनी मला सरळ हाक मारली, त्यांच्या लक्षातपण आलं नाही. आणि बादशानं काय केलं माहितीये? माझ्या ओढणीचं टोक तोंडात घेतलं आणि चोखायला लागला. एवढं मोठं धूड, डोळे अर्धे मिटून, चपचप चपचप.

गौतमी, मी ओढणी सोडवलीच नाही.

कारण आमच्या पवळीला साडेचार वर्षांपूर्वी खोंड झालेला. गुंड्या. डोक्यावर तांबूस, खिलारांच्या वासरांचं असतं तसं, पुढं पांढरं होतं. पवळीला तेव्हा सडाला जखम झालेली, त्याला पाजून घेईना, तर मी त्याला बाटलीनं पाजायचे. बाटली संपली की माझ्या फ्रॉकचं टोक चोखत बसायचा. माझे सगळे फ्रॉक खालनं हिरवट झालते. आणि गोठ्याचा पत्रा निघालेला होता एका कोपऱ्याला, त्यात ह्यानं कान अडकवला आणि ओढला. डावा. दोन चिरा. मी स्वतः हळद भरली होती, आठ दिवस रोज. नऊ महिन्यांचा झाल्यावर आप्पांनी खरसुंडीच्या यात्रेत विकला. आई दोन दिवस जेवली नव्हती.

यात्रेतनं तो कुणीतरी सांगोल्याला नेला असणार, आणि काकांनी तिकडनं आणला. खानदान म्हणून. आमच्या गोठ्यातनं गेला, गावं फिरून चारशे पावलांवर परत आला. दोन्ही घरं एकमेकांकडं बघत असती तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.

मी हळूच म्हणलं, "गुंड्या?"

कान टवकारले त्यानं. चिरांसकट.

आणि मागं खोड्यात त्याची आई उभी.

काका म्हणाले, "काय म्हणलीस?"

"तातोबा काका," मी म्हणलं, "हा आमचा गुंड्या आहे."

"कुणाशी बोलतीस तू?"

"तुमच्याशी."

"अबोला हाय."

"माहितीये. पण हा पवळीचा खोंड आहे. कान पत्र्यानं कापलाय. मी हळद लावली होती."

काका हसले आधी. मग त्यांनी बादशाकडं बघितलं, तो अजून ओढणी चोखतच होता. मग पवळीकडं. तिचं तोंड, त्याचं तोंड. डोळ्यांभोवतीचं काळं, नाकपुडीची ठेवण. एकदा दिसलं की दिसतंच गं ते, मग झाकत नाही. काकांचा हात वेसणीवरनं सैल झाला.

आईला लेक दाखवत नाहीत. आमच्याकडं तर त्याचं नावपण काढत नाहीत, पाप म्हणतात, आणि वासरूपण अधू निपजतं.

  काकांनी बादशाला नेऊन खुंट्याला बांधला, पण लांब दाव्यानं, खोड्यापर्यंत येईल असा. परत आले. आणि परत गाईशीच बोलायला लागले, आवाज एकदम बारीक.

"पवळे, तुझ्या पोरीला म्हणावं, माझ्या दारातनं गाय कधी परत गेलेली न्हाई. मी जा म्हणणार न्हाई. आन् कानाचं बाहीर निघालं तर मला चार गावांत तोंड दाखवायला जागा न्हाई. दोनशे गाया दाखवल्यात लोकांनी, खानदान म्हणून. पुढचं पोरीनं बघावं. कासरा तिच्या हातात हाय."

आणि कडब्याच्या गंजीमागं निघून गेले. खरंच निघून गेले, गौतमी. साठ वर्षांचा माणूस, आणि ठरवायचं कुणी, तर मी.

मी उभी. पवळी हंबरतेय. बादशा पुढं सरकतोय, त्याला काय कळतंय कोण आई आणि कोण कोण. त्याच्यात आणि पवळीत तीन पावलं, मधे मी. मी नुसती बाजूला झाले असते तरी झालं असतं.

डोक्यात काय काय आलं सांगू? शुक्रवार आला. हेड्याचा टेम्पो आला. आईला सांगितलं, तर ती तिथंच बांधावर उभी राहून "माझा गुंड्या" म्हणून गळा काढेल, आणि संध्याकाळपर्यंत चारी गावांत. आप्पांना कळलं तर नऊ वर्षांत पहिल्यांदा पेढे वाटतील. काकांचं काही राहणार नाही. आणि पवळी तर जाणारच, कारण माज वाया गेला तो गेलाच.

बांधावरनं आई ओरडली, "राजूऽ, झालं का गं?"

आणि मी म्हणलं, "झालं!"

विचार करून नाही म्हणलं. तोंडातनं निघालं. निघाल्यावर तेच ठरलं. पवळीला खोड्यातनं काढलं आणि घरी घेऊन आले, तशीच. गंजीच्या पलीकडं काकांची टोपी तेवढी दिसत होती. त्यांनी वळून बघितलं नाही.

संध्याकाळी आईनं आप्पांना सांगितलं की माळावरचा धनगर वळू घेऊन वाटेनं चालला होता, त्यालाच थांबवून दाखवली. आप्पा म्हणाले, "बघू मग तीन महिनं." हेड्याला फोन केला. म्हणजे आई आप्पांशी खोटं बोलली, मी आईशी खोटं बोलले, पवळी तेवढी कुणाशी काही बोलली नाही.

आता पुढं ऐक. एकवीस दिवस.

मला हे त्याच रात्री अंथरुणात कळलं. न फळलेली गाय एकवीस दिवसांनी परत माजावर येणार. हंबरणार. आप्पांना ऐकू येणार. आप्पा म्हणणार, वळूनंपण उलटली, संपलं. मी वहीच्या मागच्या पानावर दिवस मोजले. एकविसावा दिवस म्हणजे अठरा फेब्रुवारी. अठरा फेब्रुवारीला माझं केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल. बोर्डाचं.

मी म्हणलं, असू दे, गाय काय कॅलेंडर बघते. वीस दिवसांनी येईल, नाहीतर बावीस. विसाव्या दिवशी मी सारखी गोठ्यात. पवळी निवांत रवंथ करतेय. आई म्हणाली, "अभ्यास कर की गं, गाईचं काय तोंड बघतीस?"

अठरा तारखेला सकाळी आई-आप्पा मामाकडं ज्वारी काढायला गेले, सहाच्या गाडीनं. आप्पा जाताना म्हणाले, "पेपर नीट लिही." मी म्हणलं, "प्रॅक्टिकल आहे." म्हणाले, "तेच ते." साडेसहाला मी युनिफॉर्म घातला, पांढरा कोट पिशवीत टाकला. पावणेसातला पवळीनं हंबरडा फोडला.

मी दाराच्या आत, ती बाहेर. मी दहा मिनिटं तशीच बसले होते गं, पिशवी मांडीवर घेऊन. एसटी सात दहाची. संध्याकाळी ते दोघं परत येणार, माज काय तेवढ्यात जाणार नाही, अंगणात पाय ठेवल्याठेवल्या कळेल.

मग कासरा सोडला आणि निघाले. युनिफॉर्मवरच. माळावरचा धनगर नऊ किलोमीटर. पवळीला डांबरी सडकेची सवय नाही, ती दर ट्रकला थांबायची आणि मी तिला ढकलायचे. एसटी शेजारनं गेली. वर्गातल्या पोरी खिडकीतनं बघत होत्या. एकीनं हातपण केला.

तो धनगर म्हणजे बिरूमामा, मेंढ्यांजवळ बसलेला. मला बघून म्हणाला, "कुणाची गं तू?"

"गळव्यांची."

"तातोबा गळव्याचा बादशा दारात असताना हितवर कशाला तंगडतोड?"

"बादशाला ताप आलाय."

"वळूला ताप?"

"बारका. आहे पण."

बिरूमामानं माझ्याकडं बघितलं, युनिफॉर्मकडं बघितलं, आणि पुढं काही विचारलं नाही. त्याचा वळू बारीक होता, मळका, शेंबडा. नावपण नव्हतं त्याला. एका मिनिटात झालं. मी त्याच्याकडं बघत राहिले आणि मनात म्हणलं, एवढंच?

साडेअकरा वाजलेले. तिकडं वर्गात सॉल्ट ओळखत असतील.

दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, "आजारी होतीस तर दवाखान्याचा दाखला आण, वेगळी परीक्षा घेता येते." कुठला दाखला आणू? गुरांच्या दवाखान्याचा? घरी काही बोलले नाही. निकाल लागला, केमिस्ट्रीत नापास, वर्ष गेलं. आप्पा चार दिवस बोलले नाहीत. मग एवढंच म्हणाले, "तुझं लक्षच नव्हतं." आता कळलं ना मी तुम्हा सगळ्यांपेक्षा एक वर्षानं मोठी कशी? तुम्ही समजता कॉलेज बदललं. मीच तसं सांगितलंय.

पवळी राहिली. एप्रिलअखेरीला डॉक्टरांनी हात घालून बघितलं, म्हणाले गाभण आहे. आप्पांनी हेड्याला सांगून टाकलं, गाय विकायची नाही. आईनं मंगळवारपासून दिवस मोजलेले, नोव्हेंबरच्या सात तारखेला व्यायला पाहिजे. सात गेली. पंधरा गेली. आई रोज कॅलेंडरकडं, मग पवळीकडं, मग माझ्याकडं. अठ्ठावीसला कालवड झाली. धडधाकट, तांबड्या डोक्याची. आईनं तिला पुसली, पुसताना माझ्याकडं न बघता म्हणाली, "खानदानी वळूची वासरं पोटात जरा जास्तच ऱ्हात्यात वाटतं."

मी म्हणलं, "राहतात."

तिला कळलं की नाही, मला आजपण माहीत नाही.

आणि काका. तिसऱ्या दिवशी बांधापर्यंत आले. नऊ वर्षांत पहिल्यांदा आमच्याकडं तोंड करून. कालवडीकडं बघत उभे राहिले. पाय बघितले, डोळे बघितले, ती उड्या मारते का बघितलं. बराच वेळ. मग माझ्याकडं बघितलं. गौतमी, ते असं बघितलं ना. त्यांना वाटलं मी केलं. आईला लेक दाखवला. त्यांनी माझ्या हातात कासरा दिला आणि मी हे केलं.

मी तोंड उघडलं होतं. पण शेजारी आप्पा होते, कालवडीला गूळ चारत. आप्पांसमोर काय सांगू? ही बादशाची नाही? बादशाचा काय संबंध म्हणून विचारतील, मग कान आला, गुंड्या आला, सगळंच आलं. मी तोंड मिटलं. काका वळले आणि गेले. त्यानंतर त्यांनी माझ्याकडं कधी बघितलेलं नाही. आधी अबोल्यानं बघत नव्हते, ते वेगळं होतं.

गेल्या दिवाळीत गेले होते तेव्हा बादशाची डरकाळी ऐकू आली. अजून येतात लोक गाया घेऊन. कान बघतात.

आता हस पाहिजे तर. नाही हसत? बरं. मग एवढं सांग. खोड्यात गाय आहे, कासरा तुझ्या हातात, काका गंजीमागं गेलेत, आणि बांधावरनं तुझी आई विचारतेय, झालं का गं. तू काय म्हणाली असतीस?